कुलूप काढण्याआधीची हाक

जना,

मशीन मला विचारतंय की तुझं कुलूप मी का काढतोय. पडद्यावर प्रश्न येऊन थांबलाय आणि त्याच्याखाली ती हिरवी रेघ उघडमीट करतेय. मी जे लिहीन ते मशीन तुझ्या टपालात नेऊन टाकणार. तू गेलास हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. मी सांगणार होतो, पण कसं सांगायचं ते कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडलं नाही.

खरं तर त्याला एक ओळ पुरते. इंग्रजी अक्षरांत एक ओळ, तिच्याखाली एकटा ठिपका, की मजकूर संपला असं ते समजतं. मी मात्र प्रिंटरचा लांब कागद फाडून घेतलाय, कडांना भोकं असलेला, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर मराठीत लिहीत बसलोय. साहेब दोनदा दारातून डोकावून गेले. एसीच्या खोलीत नेहमीसारखी थंडी आहे. खिडकी नाही, बाहेर ऊन आहे की ढग ते कळत नाही. तू इतकी वर्षं इथे कसा बसलास, हा प्रश्न मी तुला कधी धड विचारलाच नाही. विचारला असता तर तू हसून म्हणाला असतास, "गरम तरी होत नाय ना."

ऑफिसात सगळे लॉक म्हणायचे, कुलूप फक्त तू म्हणायचास. मला आठवतंय, नवीन मुलीला तू कसं समजावलं होतंस ते. आपल्या मशीनवर एक प्रोग्राम आहे, तो प्रत्येक फाइलीची सगळी जुनी रूपं जपून ठेवतो. काल काय होतं, त्याच्या आधी काय होतं, कोणी बदललं, का बदललं, सगळं. कोणाला फाइल दुरुस्त करायची असेल तर तिला आपल्या नावाचं कुलूप लावून ती बाहेर काढायची. काम झालं की परत ठेवायची, कुलूप आपोआप सुटतं. तोवर बाकीच्यांनी ती नुसती वाचायची, हात लावायचा नाही. "आनि घरी जाताना कुलूप लावून पळायचा नाय," असं शेवटी दटावलंस. तिने मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी ती कुलूप लावून पळाली.

पळायचे सगळेच. मीसुद्धा. सहा वाजले की वसईच्या त्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आपल्या गाळ्यातून माणसं अशी बाहेर पडायची की जणू आत धूर झालाय. मागे राहायचास तू. कोणाची कुलपं राहिलीत ते बघायचं, उरल्यासुरल्या तात्पुरत्या फाइली पुसायच्या, डिस्क भरत आलीय का ते पाहायचं, जुन्या रूपांचं कोठार धड आहे ना ते एकेक करून तपासायचं, सगळ्याची प्रत घ्यायला टेप लावायची. हे काम कोणाचं असं कधी ठरलंच नव्हतं. पहिल्या आठवड्यात तू केलंस म्हणून ते तुझं झालं. आपल्याकडे हे असंच होतं, एकदा ज्याने हंडा उचलला त्याच्याच डोक्यावर तो कायमचा राहतो. तुला सुट्टी घेता येईना, आजारी पडता येईना. दुसऱ्या कोणाला शिकव म्हटलं की तू म्हणायचास, "शिकवायला येळ लागतो, तो कुठनं आणू?"

तुझ्या बहिणीच्या हळदीच्या दिवशी मला पहिल्यांदा तुझा खरा राग आला. मी चंदनसारला तुमच्या घरी वेळेवर पोचलो. मांडव गच्च भरलेला, बायकांची गाणी सुरू झालेली, ताशेवाले रंगात आलेले, आणि नवरीचा सख्खा भाऊ बेपत्ता. तुझी आई प्रत्येक वेळी मलाच गाठायची. "तू आलास, मंग तो कुठं अडकला?" मी काय सांगणार? डिस्क भरलीय, सगळ्यांनी आपापल्या फाइलींच्या प्रती टाकून ठेवल्यात, त्या निवडून पुसल्याशिवाय टेप घेता येत नाही, हे मी त्या माउलीला मांडवात उभा राहून सांगू? मी म्हटलं, "येतोय, निघालाय." ती म्हणाली, "कवाचा निघालाय? विरारलाच तर हाय आपला घर."

तू आलास तेव्हा हळद लावून झाली होती आणि बहीण रुसून तोंड फिरवून बसली होती. तू तिच्यासमोर जाऊन उभा राहिलास, पातेल्यातली उरलेली हळद घेतलीस आणि स्वतःच्याच तोंडाला फासलीस. ती हसली. सगळे हसले. मी नाही हसलो. मी तिथेच ठरवलं की हे काम तुझ्याकडून काढून मशीनच्याच गळ्यात घालायचं.

आपण दोघांनी मिळून तो प्रोग्राम लिहिला ते दिवस या गाळ्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. पहाटे ठरलेल्या वेळी मशीन आपणहून जागं होणार, टाकून दिलेल्या फाइली पुसणार, कोठार तपासणार, डिस्कवर किती जागा उरली ते लिहून ठेवणार, आणि माणसं यायच्या आत काम आटपून मोकळं होणार. कोणी बसायला नको, कोणी बघायला नको. संध्याकाळी जाताना फक्त टेप तेवढी आत सरकवून जायची. प्रोग्रामचं नाव तू मावशी ठेवलंस. सकाळी झाडायला येणाऱ्या आपल्या खऱ्या मावशींना ते कळलं तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माझं नाव दिलंत ना मशीनला? मग एक दिवस माझी झाडूपण त्यालाच द्या." त्यानंतर ऑफिसात आलं की पहिला प्रश्न हाच, मावशी येऊन गेली का?

भांडण झालं ते फक्त कुलपांवरून. माझं म्हणणं सरळ होतं. एखाद्याचं कुलूप बरेच दिवस तसंच पडून असेल तर तो विसरलाय, मावशीने ते आपलं आपण काढून टाकावं. तू म्हणालास, नाही. मावशीने रोज सकाळी त्या माणसाला विचारावं, तुझं कुलूप आहे, ठेवायचं का? पण काढायचं त्यानेच. मी म्हटलं, आणि त्याने उत्तरच दिलं नाही तर? तू म्हणालास, तर दुसऱ्या माणसाने काढावं, मशीनने नाही. मी म्हटलं, हा शुद्ध हटवादीपणा आहे. तू म्हणालास, असू दे. दोन दिवस आपण एकमेकांशी कामापुरतंच बोललो, आणि चहासुद्धा वेगवेगळा प्यायलो.

मग तो शटरचा किस्सा घडला. आपण दोघं याच खोलीत मावशीच्या चुका काढत होतो. एसीच्या आवाजात बाहेरचं काही ऐकू आलं नाही. वॉचमनला वाटलं सगळे गेले. त्याने दिवे घालवले, शटर ओढलं, कुलूप लावलं आणि तो जेवायला निघून गेला. आपण बाहेर आलो तर अंधार. फोन साहेबांच्या केबिनमध्ये, आणि केबिन बंद. मी शटरवर लाथा घातल्या, ओरडलो, शिव्या दिल्या. त्या पत्र्यामागे कोणीच नाही हे कळल्यावर मी लाथा थांबवल्या. तू शांतपणे फरशीवर बसकण मारलीस आणि म्हणालास, "आत कोन हाय का, एवढा जरी त्यानं इचारला असता. एक हाक. दुसरा काय पायजे होता?"

मी शटरला कान लावून उभा राहिलो. तेव्हा तू म्हणालास, "तुमच्या वाडीत पानी कसा फिरवतात? तूच सांगितला होतास ना मना."

तुला सांगितलेलं तू विसरायचा नाहीस, हा तुझा फार मोठा जाच होता. आमची वाडी राजोडीच्या बाजूला. विहीर तीन घरांची सामाईक, आणि प्रत्येक घराची पाण्याची पाळी ठरलेली. आपली पाळी आली तरी दुसऱ्याच्या केळीत जाणारा पाट आपण परस्पर फिरवत नाही. आधी हाक मारायची, "पाट फिरवू का हो?" पलीकडून "फिरव" असं आलं की मगच फावडं घालायचं. कारण त्याच्या शेवटच्या केळीचं आळं भरायचं राहिलं असेल, आणि हे पाळीच्या वेळेवरून कळत नाही. एकदा माझ्या चुलतभावाने आळसाने हाक न मारता पाट फिरवला, तर शेजारचे नानाकाका त्याच्याशी पावसाळा येईपर्यंत बोलले नव्हते.

"आनि उत्तर नाय आला तर?" तू अंधारात विचारलंस.

"तर जाऊन बघायचं," मी म्हटलं. "माणूस बांधावर पडला असेल, चक्कर आली असेल, काहीही झालं असेल. उत्तर नाही आलं तर पाणी तसंच ठेवायचं आणि आधी जाऊन बघायचं."

"मंग? मी दुसरा काय बोलत होतो?"

वॉचमन आला, शटर वर गेलं, त्याने हात जोडले. तू त्याला एक शब्द बोलला नाहीस. दुसऱ्या दिवशी मावशी तुला हवी तशी झाली. पण मी हरलो असं मी कधीच कबूल केलं नाही, आणि तूही ते वदवून घेतलं नाहीस.

तुझ्या संध्याकाळी मोकळ्या झाल्या. पहिल्याच दिवशी सहा वाजता तू आमच्याबरोबर बाहेर पडलास आणि फाटकाशी थांबून म्हणालास, "आता काय करायचा असतो?" मी तुला सायकलवर डबलसीट घालून राजोडीला घेऊन गेलो. ओहोटी होती. तू चपला हातात घेऊन ओल्या वाळूत कितीतरी लांब चालत गेलास आणि मी सुरूच्या झाडाखाली बसून तुझ्याकडे बघत राहिलो. परत आलास तेव्हा म्हणालास, समुद्र इतका जवळ आहे हे मी विसरूनच गेलो होतो. माझ्या आईने तुला राजेळी केळी बांधून दिली. त्या संध्याकाळबद्दल मी तुझा ऋणी आहे, हे सांगायचं राहिलं. मला तेव्हा वाटलं होतं की मी काहीतरी करून दाखवलं, एका माणसाला बाहेर काढलं.

कसलं काय. साहेबांच्या नजरेतून काही सुटतं का? तू सहाला निघतोस हे त्यांना दिसलं. त्यांनी तुला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "अरे जनार्दन, अब तो शाम को टाइम मिलता है ना?" आणि एका कारखान्याच्या हजेरीचा भलामोठा प्रोग्राम तुझ्या अंगावर टाकला. आपण मशीनला कामाला लावलं आणि जी जागा मोकळी झाली तिच्यात त्यांनी तुला पुन्हा बसवलं. मी तुला म्हटलं, नाही म्हणून सांग. तू म्हणालास, सांगतो. रोज विचारायचो, रोज सांगतो म्हणायचास. मग आपण पुन्हा भांडलो. मी म्हटलं, तुला दार उघडून दिलं तरी तू उंबऱ्यावर बसून राहणारा माणूस आहेस. ते तुला लागलं. लागावं म्हणूनच मी बोललो होतो, आणि अजूनही मला वाटतं की मी खरं तेच बोललो. फक्त आता तू उलट बोलायला नाहीस, त्यामुळे त्या खरेपणाचं मी काय करू ते कळत नाही.

तुझे डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा तू म्हणालास, एसीत बसून तसं होतं. घरी जाऊन पड म्हटलं तर म्हणालास, एवढी हजेरी मार्गी लावतो. मग हॉस्पिटल. मी आलो तेव्हा तू उशीला टेकून होतास आणि बायका हळदीत न्हाऊ घालतात तसा सगळाच पिवळा झाला होतास. मला त्या मांडवातलं तुझं तोंड आठवलं आणि मी खिडकीकडे बघत बसलो. तू म्हणालास, "हजेरीची फाइल अर्धी हाय, कुलूप माझा हाय त्याला. कोनाला हात लावू देऊ नको. मी येतो ना." मी चिडून म्हटलं, "खड्ड्यात गेली ती फाइल. तू आधी उठ." हे आपलं शेवटचं बोलणं. यापेक्षा बरं काहीतरी बोलता आलं असतं, पण आपल्याला कुठे माहीत होतं. मला वाटलं होतं सोमवारी पुन्हा येऊ आणि पुन्हा भांडू.

तू गेल्यानंतर मावशी थांबली नाही. ती रोज पहाटे येते, झाडून काढते, आणि तुझ्या टर्मिनलवर तुला विचारून जाते, हजेरीच्या फाइलीला तुझं कुलूप आहे, ठेवायचं का? सकाळी मी आलो की आधी तुझ्या खुर्चीकडे जातो आणि ती ओळ वाचतो. तूच लिहिलेली ओळ तुलाच विचारत असते. नवीन मुलीने ती एकदा पाहिली आणि बाहेर जाऊन रडली. हजेरीच्या कामावरची बाकीची मंडळी हात बांधून बसलीत, कारखानेवाले रोज फोन करतात. सगळे माझ्याकडे बघतात, कारण तुझ्यानंतर कुलपं काढायचा अधिकार माझ्याकडे आलाय. खरं तर तुझं सगळंच माझ्याकडे आलंय. संध्याकाळी टेप मीच लावतो. परवा माझ्या लक्षात आलं की सगळे निघून गेलेत आणि मी या खोलीत तुझ्या खुर्चीवर बसलोय. ताडकन उठलो, पण जाऊ कसा, हल्ली एका टेपवर सगळं मावत नाही आणि पहिली अर्धीच फिरली होती.

साहेब म्हणाले, "अरे, तोड दो ना लॉक. एक कमांड का तो काम है." वर म्हणाले, मावशीलाच सांगून ठेव, यापुढे ज्याचं लॉक पडून राहील त्याचं तिने आपोआप तोडायचं, म्हणजे असा खोळंबा पुन्हा नको. म्हणजे माझंच जुनं म्हणणं, माझ्याच शब्दांत. मी त्यांना नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं नाही. त्यांना केळीचं आळं कुठून समजावू?

पण एक तुला सांगतो, रागाने सांगतो. तू तेव्हा माझं ऐकलं असतंस तर आज हे माझ्या वाट्याला आलं नसतं. एका पहाटे मावशीने तुझं कुलूप गुपचूप काढून टाकलं असतं, सकाळी फाइल मोकळी दिसली असती, आणि आम्ही कामाला लागलो असतो. कोणालाच काही करावं लागलं नसतं. आणि मला तुला हाकही मारावी लागली नसती. हे लिहिता लिहिता कळतंय, की तू नेमकं तेच होऊ दिलं नाहीस.

तुझ्या बाराव्याला मी चंदनसारला गेलो होतो. माणसं पांगल्यावर तुझी आई माझ्याजवळ येऊन बसली. पानी घे म्हणाली, मी घेतलं. मग तिने विचारलं, "त्याचा तिकडं हापिसात काय अडकलाय का?" हळदीच्या मांडवात विचारलं होतं तसंच, फक्त आवाज उतरलेला. मी या वेळी खोटं बोललो नाही. म्हटलं, "एक काम आहे, आई. त्याच्या नावाचं कुलूप आहे त्याला. आम्हाला ते काढावं लागणार आहे. काढवत नाही."

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "त्याला सांग आनि काढ. न सांगता नको काढू, त्याला राग येल." आणि उठून आत गेली.

म्हणून हे सांगणं, जना. सगळं लिहून झालं की यातली एकच ओळ इंग्रजी अक्षरांत मशीनला देणार आहे, तेवढीच तुझ्या टपालात येईल. तुझं अर्धं काम मी खोडणार नाही, ते तू ठेवलंस तसंच कोठारात राहील, तुझ्या नावाने. आम्ही त्याच्या पुढचं लिहू. आणि सहानंतर थांबायला मी साहेबांना नाही म्हणून सांगणार आहे, तुझ्यासारखं सांगतो सांगतो करत बसणार नाही. टेपसाठी पाळ्या लावणार आहे. बघू जमतं का. या खोलीत बसलं की सगळंच अवघड वाटायला लागतं, हे आता मला कळलंय.

साहेब पुन्हा दारात उभे आहेत. मघापासून मी हाक मारून थांबलोय, वाडीत थांबतो तसा. एसीशिवाय कसलाच आवाज नाही. उत्तर नाही आलं तर काय करायचं ते मीच तुला अंधारात सांगितलं होतं. तर आता मशीनला ही ओळ देतो.

जना, मी जाऊन बघून आलो. तू घरी नव्हतास.
.